ग्रेप पुरे, की कोडची रचना पाहून शोधायचं? एका काटापट्टीवरून सुचलेला धागा

वर्धाकाठचा (धागाकर्ता)

रामराम मंडळी. गेल्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यामुळे माझं एक जुनं मत बदललं. नवं मत इथल्या जुन्या खोडांना रुचणार नाही हे माहीत असूनच धागा काढतोय.

पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो त्याला चार वर्षं झाली. हिंगणघाटपासून अर्ध्या तासावर गाव. घरूनच लहान-मोठी कामं करतो, त्यातलं एक जवळच्या एका जिनिंगचं. तिथल्या काट्यावर जुना प्रोग्राम चालतो. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, वजा करायचं आणि काटापट्टी छापायची. कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी पायथन २ मध्ये लिहिलेला. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० लाच संपलाय. काट्यावरचा संगणक बदलला तेव्हा मालक म्हणाले, एकदाचं नव्यावर आण.

ज्यांचा पायथनशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, उरलेला तुकडा गळतो. १२४० भागिले १०० म्हणजे १२. पायथन ३ मध्ये तीच तिरकी रेघ १२.४ देते. जुनं वागणं हवं असेल तर दोन रेघा द्याव्या लागतात. टू-टू-थ्री नावाचं रूपांतराचं हत्यार प्रिंटबिंट बदलून देतं, पण भागाकाराला शिवत नाही, कारण दोन्ही बाजूंचे आकडे कोणत्या जातीचे हे त्याला नुसता कोड वाचून कळत नाही.

म्हणजे भागाकार मलाच हुडकायचे होते. ग्रेप केलं, म्हणजे दिलेली अक्षरं ज्या ज्या ओळीत आहेत त्या सगळ्या काढून दाखवणारी आज्ञा चालवली. तिरकी रेघ असलेल्या सहाशेच्या वर ओळी! कोडमधल्या शेऱ्यांतल्या (कॉमेंटमधल्या) तारखा, फाइलींचे पत्ते, आणि पट्टी एचटीएमएलमधून छापतात म्हणून बंद होणारे टॅग तर शेकड्यानं. मग नमुना घट्ट केला: रेघेच्या आधी अक्षर, आकडा किंवा बंद कंस असलाच पाहिजे. चाळीसेक ओळी उरल्या. एकेक पाहिली, दुरुस्त केली, हात झटकले.

एक सुटला. लिहिणाऱ्यानं लांब वाक्य कंसात घालून दोन ओळींत मोडलं होतं. वरच्या ओळीत वजाबाकी, आणि खालची ओळ रेघेपासूनच सुरू. रेघेच्या आधी नुसती मोकळी जागा, मग माझा नमुना बसणार कसा?

परिणाम काय झाला ते बघा. १२४० किलोच्या गाडीत क्विंटल १२ ऐवजी १२.४ धरले गेले. सुटे किलो वेगळे काढलेले होते, ४०. रक्कम म्हणजे क्विंटलचे पैसे अधिक सुट्या किलोंचे पैसे. सात हजार भावानं ८६,८०० व्हायला हवे होते, झाले ८९,६००. चाळीस किलो दोनदा मोजले गेले. आणि पट्टीवर मात्र '१२ क्विंटल ४० किलो' असं अगदी बरोबर छापून येत होतं, कारण छपाईत टक्का-डी वापरलेलं होतं आणि ते दशांशानंतरचं सगळं गुपचूप कापतं. चाचणीच्या वेळी मी १२००, १५०० अशी गोल वजनं टाकली होती. गोल वजनाला दोन्ही पायथन सारखंच उत्तर देतात.

चूक माझ्या लक्षात आली नाही, मालकाच्याही नाही. एका शेतकऱ्यानं घरी मोबाइलवर गुणाकार केला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन परत आला, 'पैसे जास्त आले' म्हणून.

त्या रात्री जुन्या मूळ कोडवर, पायथन २.७ च्याच एएसटी मॉड्यूलनं, वीस ओळींचं स्क्रिप्ट लिहिलं. कोड वाचून त्याचं झाड करायचं (संगणक कोड चालवण्याआधी करतो तेच) आणि त्या झाडात भागाकाराच्या जितक्या गाठी आहेत तितक्यांचे ओळ-क्रमांक छापायचे. तारखा नाहीत, टॅग नाहीत, शेरे नाहीत. ओळ कुठं मोडली याच्याशी झाडाला देणंघेणंच नाही. माझ्या यादीतून सुटलेला तो एक तिथं होता.

तेव्हा माझं म्हणणं असं. 'अमुक शब्द कुठं आलाय' एवढंच पाहायचं असेल तर ग्रेप झकास. पण 'हे जिथं जिथं असेल तिथं तिथं बदलायचंय' असं काम आलं, की अक्षरांवर विसंबणं म्हणजे निष्काळजीपणा. एएसटी-ग्रेप, सेमग्रेप ही असं झाडात शोधणारी हत्यारं फुकट आहेत. नमुना कोडसारखाच लिहायचा, मधे डॉलरवाली नावं ठेवायची, आणि त्या डॉलरच्या जागी एखादं नाव बसो की कंसातलं चार ओळींचं वाक्य, सापडणारच. तरी आपल्याकडे हे कुणी वापरताना दिसत नाही. का?

यवतमाळी मास्तर

चूक धागाकर्त्याची, फाशी ग्रेपला.

मी पॉलिटेक्निकला पंचवीस वर्षं शिकवलं, तेव्हा जरा मास्तरकी सहन करा. ग्रेप १९७३ पासून आहे. केन थॉम्पसननं 'एड' या एडिटरमधल्या एका आज्ञेवरून ते वेगळं काढलं, नावही त्या आज्ञेवरूनच. त्यानंतर किती भाषा आल्या आणि गेल्या! ग्रेपला त्यातली एकही येत नाही, आणि हेच त्याचं बळ आहे. पायथन असो, कोबोल असो, लॉग असो, मतदारयादी असो, ते वाचायला नकार देत नाही. तुमच्या झाडवाल्या हत्याराला प्रत्येक भाषेचं व्याकरण वेगळं शिकवावं लागतं.

दुसरं असं की ओळ मोडली तर सापडत नाही ही रड जुनी झाली. रिपग्रेपमध्ये, म्हणजे ग्रेपच्याच नव्या भावात, अनेक ओळींवर पसरलेला नमुना देता येतो. आणि 'रेघेच्या आधी अक्षर असलंच पाहिजे' ही अट तुम्हीच घातलीत ना? उलट अट घातली असती, म्हणजे बंद टॅग आणि शेरे वगळून बाकी सगळं दाखव, तर दीड-दोनशे ओळी आल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम. तुम्हाला कंटाळा आला.

तिसरं, आणि हेच खरं. चाचणीत एक वजन १२४० टाकलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

आता माझा प्रश्न. पायथनमध्ये भागाकार आणखी एका रूपात येतो: रेघ आणि लगेच बरोबरचं चिन्ह, म्हणजे 'आहे त्यालाच भागून परत ठेव'. झाडात ती गाठ वेगळ्या जातीची असते. तुमच्या वीस ओळींनी ती पाहिली का?

वर्धाकाठचा

मास्तर, नाही पाहिली. आत्ता पाहिली. एक सापडली, सरासरी ओलाव्याच्या हिशेबात. तिथं ओलावा आधीच दशांशात असल्यामुळे नुकसान झालं नसतं, पण ते माझं नशीब. गुण तुम्हाला.

चाचणीबद्दलही बिनशर्त मान्य. पण कंटाळ्याचं म्हणता, तर माझा मुद्दा तोच आहे. दोनशे ओळी डोळ्यांखालून घालताना माणूस एकशे साठाव्या ओळीला पेंगतो. हत्यार पेंगत नाही.

ठेचा-भाकर

भाऊ, मले आधी हे सांगा, ते जास्तीचे पैसे गेले कोणाच्या खिशातून? जिनिंगवाल्यानं वापस मांगतले का नाई?

बाकी तुमचं झाडबिड मले अर्धंच समजलं. मी इकडे एका संस्थेचं पीएचपीचं सॉफ्टवेअर सांभाळून रायलो, चार जीबीच्या लॅपटॉपवर. एकाच फाइलीत पीएचपी, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, सारं आलू-वांग्यावानी कालवलेलं हाय. त्याचं झाड कोन्या भाषेचं करा म्हणता? अन् लाइन सायंकाळी जाते ते रातच्याले येते. हत्यार शिकत बसू का काम करू?

वर्धाकाठचा

चार दिवसांच्या पट्ट्या होत्या. मालकानं वसुली केली नाही, म्हणाले पुढच्या गाडीत पाहू, आणि पाहिलंही नाही. माझं बिल मात्र तेवढ्यानं कमी झालं.

बेंबळा

धागाकर्त्याशी सहमत. माझं सगळं काम सी भाषेत, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहिते.

लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) हा वाद कधीचाच मिटलाय. तिथं कॉक्सिनेल नावाचं हत्यार आहे, ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. त्याचे तयार नियम लिनक्सच्या कोडबरोबरच, 'स्क्रिप्ट्स' या फोल्डरात ठेवलेले असतात. त्यातलं एक नेहमीचं उदाहरण सांगते. मेमरी मागायची आणि पुढं तीच मेमरी शून्यानं भरायची, अशी दोन पावलं जिथं असतील तिथं दोन्ही कामं एकदम करणारं एकच फंक्शन घालायचं. या दोन पावलांच्या मधे 'मेमरी मिळाली नाही तर परत फिर' अशी चार ओळींची तपासणी असते, चलाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, पण वरचं आणि खालचं नाव *एकच* असावं लागतं. हे ग्रेपनं करून दाखवा. नियमात मात्र ते सरळ लिहिता येतं: इथं एक नाव, मधे काहीही, खाली तेच नाव.

कॉक्सिनेल म्हणजे फ्रेंचमध्ये लेडीबर्ड, आपला ढालकिडा. पऱ्हाटीवरचा मावा खातो म्हणून कृषी सहायक ज्याला मित्रकीटक म्हणतात तोच. नाव ठेवणाऱ्यांना वावर माहीत असावं.

मास्तरांसाठी थोडी थिअरी, ती त्यांनीच शिकवलेली असणार. पाठ्यपुस्तकातल्या नियमित पदावलीला (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे ग्रेपला देतो तो नमुना) कंसात कंस, त्यात आणखी कंस, असे कितीही खोल कंस जुळवता येत नाहीत. पर्ल या भाषेच्या धर्तीच्या पदावल्यांमध्ये स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची सोय आहे, पण तसा नमुना लिहिणाऱ्यालाही आठ दिवसांनी वाचता येत नाही.

@ठेचा-भाकर, चार जीबीची काळजी नको. एएसटी-ग्रेप ज्यावर उभं आहे ते कोडचं झाड करणारं ट्री-सिटर हलकं आहे. ॲटम एडिटरसाठी लिहिलं गेलं तेव्हा हेतूच हा होता की प्रत्येक कळ दाबल्यावर झाडाचा बदललेला तेवढाच भाग नव्यानं करता यावा. कालवलेल्या फाइलीचं दुखणं मात्र खरं आहे. पीएचपीचं व्याकरण मधल्या एचटीएमएलकडे नुसता मजकूर म्हणून पाहतं. तिथं तुमचं ग्रेपच बरं.

यवतमाळी मास्तर

ढालकिड्याबद्दल आभार, हे ठाऊक नव्हतं. कंसांचं ठाऊक होतं.

पण बेंबळाताई, सी भाषेत मॅक्रो असतात, म्हणजे कोडच्या तुकड्यांना दिलेली छोटी नावं. मॅक्रो उलगडल्याशिवाय खरं झाड होत नाही, आणि उलगडला की तुम्ही लिहिलेला कोड उरत नाही. म्हणजे तुमचं हत्यारही कुठंतरी अंदाजानंच चालतं.

आणि मला खरी भीती कशाची वाटते ते सांगतो. *शोधून काही सापडलं नाही* या उत्तराची. ग्रेप रिकाम्या हातानं आलं तर त्याचा अर्थ एकच: ही अक्षरं या फाइलींत नाहीत. झाडवालं रिकाम्या हातानं आलं तर अर्थ तीन. तशी रचना नाही. किंवा आहे, पण गाठ वेगळ्या जातीची आहे, वरच्या रेघ-बरोबरसारखी. किंवा ती फाइल त्याला नीट वाचताच आली नाही. पायथनचं एएसटी निदान ओरडतं, चुकीचं व्याकरण दिसलं की अख्खी फाइल नाकारतं. ट्री-सिटर ओरडत नाही. जिथं अडलं तिथं 'चूक' अशी गाठ मारून पुढं जातं. एडिटरमध्ये अर्धवट लिहिलेल्या कोडला रंग द्यायला हे उत्तम. पण 'सगळीकडे बदललं' असं मालकाला सांगताना त्या चूक-गाठीच्या पोटात काय राहिलं ते कुणी पाहिलं?

बेंबळा

मॅक्रोंचं मान्य. कॉक्सिनेल ते न उलगडताच वाचायचा प्रयत्न करतं, आणि काही ठिकाणी अडखळतं.

पण ग्रेपच्या रिकाम्या हाताचा अर्थ एकच, हे पटत नाही. रिपग्रेप गिट-इग्नोरमध्ये (दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नाव असलेल्या फाइली, लपवलेल्या फाइली, बायनरी फाइली, सगळं काही न बोलता सोडून देतं. माझ्या एका सहकाऱ्यानं याच पायी अख्खा दिवस घालवलाय. आणि 'ही अक्षरं नाहीत' हे उत्तर बरोबर असलं तरी प्रश्न अक्षरांचा होताच कुठे? धागाकर्त्याला भागाकार हवे होते. ग्रेपनं दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं.

यवतमाळी मास्तर

म्हणूनच मी जुनं ग्रेप वापरतो, रिप नाही. (ह. घ्या.)

शेवटचं वाक्य मात्र बोचलं. विचार करतो.

सातपुड्याखाली

इथं शेतकऱ्यांची पोरं जास्त, म्हणून वावरातलं बोलतो. झाडवालं हत्यार म्हणजे डवरा. दोन तासांच्या मधून चालतो, सकाळच्या पहारी निम्मं वावर साफ. पण बुडाशी चिकटलेलं तण त्याला काढता येत नाही, तिथं बायाच लागतात, खुरपं घेऊन. आणि पेरताना तास वाकडा गेला असेल तर डवरा तणाबरोबर पऱ्हाटीही उपटतो. कोड नेटका असेल तर रचनेनं शोधा. वाकडातिकडा असेल तर बसा उकिडवे.

ठेचा-भाकर

अन् तणनाशक मंजे एआय का मंग? फवारलं की तण बी जाते, अन् वारं असलं तं शेजाऱ्याचं पीक बी.

सातपुड्याखाली

हे बाकी खरं. पण ते एआयवाले एजंट तरी आतून काय करतात? त्यातले बरेच मुकाट्यानं रिपग्रेपच चालवतात. मास्तरांना मूठभर मांस चढलं असेल.

पूर्णामाय

तुम्ही सगळे इंग्रजीतल्या कोडबद्दल भांडताय. माझं दुखणं वेगळं आहे.

आमच्या बचतगटांच्या हिशेबासाठी मी पायथन ३ मध्ये लिहिते आणि चलांची नावं मराठीत ठेवते, माझ्यामागून येणाऱ्या पोरींना वाचता यावं म्हणून. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. एक चल आहे 'शेतकऱ्याचे_नाव'. यातला ऱ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, युनिकोडमधला एकसंध ऱ. दुसरा, साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर काडीचा फरक नाही, फाइलीतले बाइट मात्र वेगळे. माझ्या मोबाइलचा कीबोर्ड एक देतो, लॅपटॉपचा दुसरा. ग्रेपला एक दिला की दुसरा सापडत नाही, आणि मी तासभर पडद्याकडे बघत बसते की समोर दिसतंय ते हे सापडवत का नाही!

पायथन मात्र चलांची नावं वाचतानाच ती एका साच्यात आणतो, एनएफकेसी नावाच्या युनिकोडच्या पद्धतीनं. त्यामुळे त्याच्या झाडात दोन्ही नावं एकच असतात. झाडात शोधलं की सगळी येतात. इथं मी झाडवाल्यांच्या बाजूनं.

पण त्याच प्रोग्रामात सीएसव्हीच्या मथळ्याचा 'शेतकऱ्याचे नाव' हा मजकूर अवतरणांत आहे, आणि अवतरणांत काय लिहिलंय याला पायथन हात लावत नाही. तिथं तिसरीच तऱ्हा निघाली: र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. ही तऱ्हा चलाच्या नावात घातली असती तर पायथननं चूक म्हणून तोंडावर फेकली असती. अवतरणांत ती सुखानं नांदत होती. तिथं ग्रेप आंधळं आणि झाडही आंधळं. शेवटी सगळा मजकूर आधी एका साच्यात आणणारी एक ओळ लिहिली, मग शोधलं.

संत्राबाग

सगळ्यांचं वाचलं. कोणीच विचारलं नाही म्हणून मीच विचारतो: शोधायचं कशाला? *चालवायचं*.

पायथन २ ला सुरू करतानाच क्यू-वॉर्न हा पर्याय देता येतो. मग पूर्णांक भागिले पूर्णांक असं *प्रत्यक्ष घडलं* की ते इशारा देतं, ओळ-क्रमांकासकट. नव्या भागाकाराचा निर्णय २००१ मध्येच झाला होता, आणि हा पर्याय त्याच संक्रमणासाठी दिलेला आहे. मागच्या हंगामाची वजनं त्यातून पुन्हा फिरवली असती तर ओळ मोडलेली असो की रेघ-बरोबर असो, जिथं तुकडा गळतो ती प्रत्येक जागा आपणहून बोलली असती. आणि ओलाव्याची दशांशवाली, निरुपद्रवी जागा गप्प राहिली असती, जो फरक ग्रेपलाही कळत नाही आणि झाडालाही नाही. झाडाला 'भागाकार आहे' एवढंच दिसतं, 'कशाचा' ते नाही.

वर्धाकाठचा

क्यू-वॉर्न मला माहीतच नव्हतं. लाज वाटली थोडी.

पण त्याची मर्यादाही आहे: जो कोड चालला तोच बोलतो. आमच्या प्रोग्रामात 'करार रद्द' असा एक रस्ता आहे, हंगामात एखाद्या वेळी वापरतात. मागच्या वजनांत तो आला नाही तर तिथला भागाकार गप्पच बसेल. झाड मात्र न चाललेला कोडही पाहतं.

संत्राबाग

हो, तेवढं आहे.

यवतमाळी मास्तर

विचार केला. बेंबळाताईंचं वाक्य घेतो: प्रश्न अक्षरांचा नसेल तर अक्षरांत शोधू नये. ठीक.

आता एक तपासून सांगा, धागाकर्ते. या पट्ट्या साठतात कुठं? डेटाबेसात. त्यातून अहवाल काढायला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लिहावी लागते, आणि जुन्या पायथन प्रोग्रामात ते एसक्यूएल अवतरणांत कोंबलेलं असतं. तुमच्या झाडाला ते अख्खं एसक्यूएल म्हणजे एक मजकुराची गाठ, एक निर्जीव ओंडका. त्याच्या पोटात भागाकार असला तर? माझं खुळं ग्रेप अवतरणांत आहे की बाहेर हे पाहत नाही, म्हणून ते तिथंही पोचतं. तुमच्या त्या पहिल्या सहाशे ओळींत एसक्यूएलच्या किती होत्या?

वर्धाकाठचा (दोन दिवसांनी)

मास्तर, दंडवत.

दोन होत्या. पहिल्या सहाशेंत होत्या, आणि नमुना घट्ट केल्यावर उरलेल्या चाळीसांतही होत्या! मी 'ही तर अवतरणांत आहे, पायथनचा भागाकार नव्हे' म्हणून स्वतःच्या हातानं वगळल्या. पायथन २ वरून ३ वर जाताना त्या बदलायच्या नव्हत्याच, त्या अर्थानं वगळणं बरोबर होतं. पण त्या मुळातच चुकीच्या होत्या.

महिन्याच्या अहवालात प्रत्येक पट्टीचं वजन १०० नं भागून मग बेरीज केलेली. डेटाबेस एसक्यूलाइट. तिथंही पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे पूर्णांकच, आणि पायथन कोणतंही असो, फरक पडत नाही. म्हणजे दर पट्टीमागं सुटे किलो गळत होते, कधी पाच तर कधी पंच्याण्णव. आधी सगळ्या किलोंची बेरीज आणि मग एकदाच भागाकार, असं पाहिजे होतं. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं, कारण मुनीमजी महिनाअखेरीला पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि सुटे किलो हातानं जोडायचे. त्यांची समजूत अशी की संगणकाचा अहवाल 'पुऱ्या क्विंटलांचाच' असतो.

दुरुस्त केलं. एएसटी-ग्रेपमध्ये नियमही लिहिला: डेटाबेसला पाठवला जाणारा मजकूर जिथं आहे त्या गाठी दाखव, आणि त्या मजकुरात रेघ असली तरच दाखव. म्हणजे जागा रचनेनं शोधायची आणि तिच्या पोटात अक्षरं. टॅगवाल्या शेकडो ओळी आपोआप गळाल्या, दोन उरल्या.

बेंबळा

हे तर दोन्ही बाजूंचं झालं. मजकूर एका जागी तयार होऊन दुसऱ्या जागी पाठवला जात असेल, किंवा तुकडे जोडून बनवलेला असेल, तर हाही नियम चुकेल एवढं लक्षात ठेवा. त्याला मजकूर कुठून कुठं वाहतो ते पाहणारं विश्लेषण लागतं, तो वेगळा धागा.

यवतमाळी मास्तर

दोन ओळी पहिल्याच दिवशी ग्रेपनं दाखवल्या होत्या, एवढं माझ्या नावावर लिहून ठेवा.

ठेचा-भाकर

अन् मुनीमजीचं काय झालं? त्याहिले आता महिन्याच्या शेवटी सुट्टी का?

वर्धाकाठचा

तेच सांगायला आलो. दुरुस्तीनंतरचा पहिला महिना संपला, आणि अहवालातला कापूस हा सरकी आणि गाठींच्या हिशेबाशी जुळेना. ह्या खेपेला जास्त भरत होता. मुनीमजींनी नेहमीप्रमाणे गठ्ठा घेऊन सुटे किलो जोडले होते, जे अहवालात आता आधीच होते.

मी फोन केला, सगळं समजावलं. ते म्हणाले, 'मंग हे तू आधी सांगाले पायजे होतं.' अहवालाच्या तळाशी एक ओळ घातली आहे: यात सुटे किलो धरलेले आहेत.